प्लेट उघडताच स्फटिक विरघळतात: इथेनॉल-आयसोप्रोपेनॉलमध्ये वाढलेले प्रथिनांचे स्फटिक हाताळताना

"मॅडम, बंद प्लेटमध्ये क्रिस्टल अगदी छान दिसत होते. टेप काढली, लूप हातात घेतला, आणि बघता बघता गेले."

ही तक्रार दर वर्षी नव्या मुलांकडून येते. कधी स्फटिकांच्या कडा गोल होतात, कधी त्यांना तडे जातात, कधी ते थेंबात गरगर फिरायला लागतात आणि लूपमध्ये (स्फटिक उचलायच्या बारीक फासात) येतच नाहीत. रिझर्व्हॉयरमध्ये (थेंबाशेजारच्या द्रावणाच्या साठ्यात) काय आहे असं विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल, क्वचित अ‍ॅसिटोन किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल. म्हणजे उडून जाणारं द्रावक.

सोलापुरात ही अडचण मार्च ते मे या काळात जास्त जाणवते, म्हणून सगळे उन्हाला दोष देतात. ऊन कारणीभूत आहेच. इथेनॉलचा बाष्पदाब २० अंशांना पाऱ्याच्या सुमारे ४४ मिलिमीटर असतो, ४० अंशांना तो १३० च्या वर जातो, म्हणजे तिप्पट. पण ऑगस्टमध्ये हवा दमट आणि थोडी गार असतानाही स्फटिक तसेच जातात. तेव्हा नुसतं 'गरमी आहे' म्हणून भागत नाही. खरं कारण समजलं की उपायही आपोआप सुचतात, म्हणून थोडं तिथे थांबू.

थेंबात नेमकं काय होतं

बंद वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) प्रथिनाचा थेंब आणि रिझर्व्हॉयर यांच्यातला सगळा व्यवहार वाफेतून चालतो. मीठ किंवा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकोल) असेल तर फक्त पाणी थेंबातून रिझर्व्हॉयरकडे जातं. अल्कोहोल असेल तर ते उलट दिशेने, रिझर्व्हॉयरमधून थेंबात येतं आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबतं. म्हणजे तुमचा स्फटिक ज्या अल्कोहोलच्या जोरावर उभा आहे, ते वेलमधल्या वाफेने थेंबात धरून ठेवलेलं असतं. टेप काढली की ती वाफ गेली. खोलीच्या हवेत अल्कोहोलची वाफ जवळजवळ शून्य, त्यामुळे थेंबातलं अल्कोहोल लगेच बाहेर पडू लागतं. पाणीही जातं, पण अल्कोहोलच्या मानाने हळू. थेंबात अल्कोहोल वीस टक्के असलं तरी वर जाणाऱ्या वाफेत त्याचा वाटा त्याहून कितीतरी जास्त असतो.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. टेबलाशेजारी ओला टॉवेल टांगतात, ह्युमिडिफायर लावतात. त्याने फक्त पाणी उडायचं थांबतं. अल्कोहोल जातच राहतं, आणि पाणी मागे राहिल्याने थेंब उलट अधिक पाणचट होतो. अल्कोहोल हा अवक्षेपक (प्रथिनाला द्रावणातून बाहेर काढणारा पदार्थ) असेल तर पाणचट थेंबात प्रथिनाची विद्राव्यता वाढते आणि स्फटिक विरघळतो. ओल्या टॉवेलने अशा वेळी नुकसानच जास्त होतं.

दुसरी गोष्ट पृष्ठताणाची. पाण्याचा पृष्ठताण ७२, इथेनॉलचा २२ मिलिन्यूटन प्रति मीटर. थेंबाच्या कडेला अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो आणि मधलं द्रव त्या बाजूला ओढलं जातं. याला मारांगोनी प्रवाह म्हणतात. स्फटिक गरगरतात ते यामुळे. त्यात हाताच्या कंपाचा काही संबंध नाही, तेव्हा 'हात थरथरतो' म्हणून कुणी स्वतःला दोष देऊ नये.

तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. माठातलं पाणी झिरपून उडतं आणि आतलं गार होतं, तसाच थेंबही बाष्पीभवनाने गार होतो. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू विसाच्या आसपास असतो. त्यात प्लेट थेट चार अंशांच्या कोल्डरूममधून आणलेली असेल, तर हवेतलं पाणी तिच्यावर आणि थेंबातही उतरतं. एकीकडे अल्कोहोल जातंय, दुसरीकडे पाणी येतंय. ऑगस्टमधल्या तक्रारींचा उलगडा इथे होतो.

सारांश एवढाच की स्फटिकाला हवी असते ती वाफ. पुढचे सगळे उपाय म्हणजे ती वाफ तुटू न देण्याचे, किंवा स्फटिकाची त्या वाफेवरची गरजच संपवण्याचे मार्ग आहेत.

लक्षणावरून ओळख

कडा गोल होत असतील तर अल्कोहोल गेलं आहे आणि स्फटिक विरघळतोय. तडे जात असतील तर बदल फार झटक्यात झालाय: तापमानाचा, किंवा तुम्ही जो नवा द्रव टाकला त्याच्या घटकांचा. थेंबावर साय धरली असेल तर पृष्ठभागावर प्रथिन बिघडून जमा झालंय. ती साय बाजूला सारून खालचा स्फटिक बऱ्याचदा शाबूत मिळतो, तेव्हा लगेच प्लेट टाकून देऊ नका. एकदम नवे, धारदार, लखलखीत स्फटिक उगवले तर ते बहुधा मिठाचे. त्याचा अर्थ पाणीही बरंच गेलंय. आणि हँगिंग ड्रॉप (झाकणाला उलटा टांगलेला थेंब) आधीच पसरून सपाट झाला असेल, किंवा खाली रिझर्व्हॉयरमध्ये पडला असेल, तर तो कमी पृष्ठताणाचा परिणाम. पुढच्या वेळी सिटिंग ड्रॉप (खोबणीत बसवलेला थेंब) लावा. अल्कोहोलसाठी हँगिंग ड्रॉपचा हट्ट मला तरी पटत नाही.

आपल्या हातात किती वेळ आहे हे आधी मोजून घ्या

यासाठी प्रथिन लागत नाही. केमिकल बॅलन्सवर छोटी कव्हरस्लिप ठेवा, तिच्यावर रिझर्व्हॉयरचे २० मायक्रोलिटर टाका, बॅलन्सची दारं उघडी ठेवा आणि दर दहा सेकंदांनी वजन लिहा. मग तेच पंखा लावून, आणि तेच दारं बंद करून. आलेख काढला की पंख्याचा फरक डोळ्यांना दिसतो. खरा थेंब दोन मायक्रोलिटरचा असतो. आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो यापेक्षा लवकर बदलणार हे गृहीत धरा. नवीन मुलांना मी स्फटिकाला हात लावू देण्याआधी हे करायला सांगते. एकदा आकडे स्वतः लिहिले की पंखा बंद करा असं पुन्हा सांगावं लागत नाही.

पंख्यावरूनच आठवलं. मे महिन्यात पंखा बंद करणं जिवावर येतं, पण तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांसाठी छताचा पंखा आणि एसीचा झोत दोन्ही बंद हवेत. खोली आधी गार करून घ्या, मग एसी बंद करून काम सुरू करा. जुन्या सूक्ष्मदर्शकांच्या तळाशी हॅलोजनचा दिवा असतो. तो थेंबाला खालून शेकतो. एलईडी बसवून घ्या, ते होईस्तोवर दिवा फक्त बघण्यापुरता लावा.

आणि एक सुरक्षेचं. शुद्ध इथेनॉलचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) साधारण १३ ते १७ अंश आहे आणि निम्मं पाणी घातलेल्या इथेनॉलचाही पंचविशीच्या आसपास. सोलापूरच्या उन्हाळ्यात बिगर-एसी खोलीचं तापमान याच्या वरच असतं. शेजारी बर्नर पेटलेला नको, आणि अल्कोहोलच्या बाटल्या घरगुती फ्रिजमध्ये नकोत, त्यातल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरेशी असते.

उघडण्याची पद्धत

सगळी टेप सोलून काढू नका. बऱ्याच जणांची निम्मी अडचण एवढ्यानेच सुटते. ज्या वेलमधून स्फटिक काढायचाय फक्त त्याच्यावरच्या टेपला धारदार ब्लेडने तीन बाजूंनी चीर द्या आणि झडप उचलल्यासारखी उचला. काम झालं की झडप खाली दाबून वर नवी टेप लावा. शेजारच्या वेलना धक्का लागत नाही.

उघडण्याआधी सगळं हाताशी हवं: लूप योग्य मापाचा निवडलेला, रिझर्व्हॉयरच्या कृतीने ताजं बनवलेलं द्रावण बंद नळीत, पिपेटवर टिप लावलेली, तेल तयार, द्रव नायट्रोजन भरलेला. बाटलीत महिनोन्‌महिने पडलेलं अल्कोहोलचं द्रावण वापरू नका. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की त्यातलं अल्कोहोल कमी होत जातं आणि लेबलवर २० टक्के असलं तरी आत तेवढं उरलेलं नसतं. असे द्रव पिपेटमध्ये घेताना टिप गळते, कारण टिपमधल्या हवेत वाफ भरून दाब वाढतो. तोच द्रव तीन-चार वेळा वरखाली करून टिप आधी ओली करून घ्या, मग मोजून घ्या.

झडप उचलल्यावर पहिलं काम स्फटिक पकडणं नव्हे. आधी थेंबात ताज्या द्रावणाचे पाच ते दहा मायक्रोलिटर कडेने, अलगद सोडा. या द्रावणात अल्कोहोल मूळ प्रमाणापेक्षा दोन ते पाच टक्के जास्त ठेवा. थेंब मोठा झाला की तो हळू बदलतो, आणि जे जादा अल्कोहोल घातलंय ते उडेपर्यंत तुम्हाला वेळ मिळतो. थेंबाचं रूप बिघडायला लागलं की पुन्हा थोडं घाला. एका वेळी एकच थेंब उघडा, दोन नाही.

वाफेची पेटी

मोठ्या झिपच्या पारदर्शक पिशवीत किंवा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, ज्याला बाजूने हात घालायला दोन भोकं केली आहेत, सूक्ष्मदर्शकाचा मंच बसवा. आत दोन-तीन पेट्रिडिशमध्ये टिशूपेपर ठेवून त्यावर रिझर्व्हॉयरचंच द्रावण ओता. नुसतं पाणी नाही आणि नुसतं अल्कोहोलही नाही; शुद्ध अल्कोहोल ठेवलं तर थेंबात गरजेपेक्षा जास्त अल्कोहोल शिरेल आणि प्रथिन बिघडेल. वीस-पंचवीस मिनिटं बंद ठेवून मग प्लेट आत न्या. अशा पेटीत थेंब उघडा ठेवूनही निवांत काम करता येतं. अ‍ॅसिटोन असेल तर पेट्रिडिश काचेची घ्या. पॉलिस्टायरीनला अ‍ॅसिटोन खातं. थेंब लावायच्या प्लेटलाही हेच लागू: अ‍ॅसिटोनसाठी पॉलिस्टायरीनच्या साध्या प्लेट चालत नाहीत, काच किंवा सीओसी प्लास्टिक हवं.

गारव्याबद्दल. चार अंशांच्या कोल्डरूममध्ये काम केलं तर इथेनॉलचा बाष्पदाब २० अंशांच्या निम्म्याहून कमी होतो, हा मोठाच फायदा. पण वीस अंशांना वाढलेला स्फटिक एकदम चारवर नेला की विद्राव्यता बदलते आणि तडा जाऊ शकतो. प्लेट थर्मोकोलच्या डब्यात घालून तो डबा कोल्डरूममध्ये ठेवा, हळूहळू गार होऊ द्या, आणि उघडण्याआधी टेपमधूनच बघा की स्फटिक अजून धड आहे का. पावसाळ्यात काम कोल्डरूमच्या आतच करा. गार प्लेट बाहेर आणून उघडली तर वर सांगितलं तसं दव पडतं.

तेल

थेंबावर पॅराफिन तेलाचा थर दिला की अल्कोहोलची वाट बरीच अडते आणि स्फटिक तेलातूनच लूपने उचलता येतो. तेलातून ओढताना त्याला चिकटलेलं जादा द्रवही निघून जातं, ते गोठवताना उपयोगी पडतं. सिलिकोन तेल एकटं वापरू नका, त्यातून वाफ बऱ्यापैकी आरपार जाते.

आता घनतेचा मुद्दा, जो कृतींमध्ये कुणी लिहीत नाही. पॅराफिन तेल पाण्यावर तरंगतं हे खरं, पण अल्कोहोल वाढेल तसा थेंब हलका होत जातो. साठ टक्के इथेनॉलच्या आसपास दोन्हींची घनता जवळजवळ सारखी होते आणि तेल वर राहील याचा भरवसा उरत नाही. क्रॅम्बिन हे ४६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन इथेनॉल-पाण्यातच स्फटिकरूप घेतं, आणि त्याच्या स्फटिकांनी ०.४८ अँगस्ट्रॉमपर्यंतची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) माहिती दिलेली आहे. म्हणजे अल्कोहोल जास्त असणं म्हणजे स्फटिक कमकुवत असणं नव्हे, फक्त तिथे तेलावर विसंबू नका, पेटी वापरा. परफ्लुओरोपॉलिइथर जातीची तेलं अल्कोहोलमध्ये मिसळत नाहीत, पण ती पाण्याच्या जवळपास दुप्पट जड. ती थेंबावर ओतायची नसतात. शेजारी त्यांचा वेगळा थेंब ठेवायचा आणि स्फटिक लूपने उचलून क्षणात त्यात बुडवायचा.

वाफेची गरजच संपवायची असेल तर

ज्या प्रथिनावर महिनोन्‌महिने काम करायचंय त्याच्यासाठी दर वेळी घाई करत बसण्यापेक्षा हा मार्ग घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. अल्कोहोलच्या जागी न उडणारा अवक्षेपक आणायचा. एमपीडी (२-मिथाइल-२,४-पेंटेनडायॉल) हे त्यासाठी पहिलं नाव. तेही अल्कोहोलच आहे, पण १९७ अंशांना उकळतं, खोलीत जवळजवळ उडत नाही, आणि पुरेशा प्रमाणात असलं तर गोठवताना संरक्षकाचंही काम करतं. पीईजी ४०० हा दुसरा पर्याय.

सरळ स्फटिक उचलून एमपीडीत टाकला तर बहुधा तडकेल. अल्कोहोल वाफेतून ये-जा करतं, याचाच फायदा घ्या. आधी चिरेतून थेंबात थोडं-थोडं एमपीडी असलेलं द्रावण घाला, एका वेळी अर्धा मायक्रोलिटर, त्यात मूळचं अल्कोहोलही तेवढंच ठेवून. रिझर्व्हॉयरमध्येही एमपीडी घाला, नाहीतर थेंब तिकडून पाणी ओढून घेईल. झडप बंद. थेंब स्थिर झाला की पुढचं काम थेंबाला न शिवता करायचं: रिझर्व्हॉयरमधला थोडा द्रव काढून त्या जागी कमी अल्कोहोलचा, पण तितक्याच एमपीडीचा द्रव भरा. थेंबातलं जादा अल्कोहोल वाफेतून आपसूक रिझर्व्हॉयरकडे निघून जातं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. असं उतरवत आणलं की शेवटी स्फटिक फक्त एमपीडीवर उभा राहतो आणि प्लेट उघडून चहा घेऊन आलात तरी त्याला काही होत नाही. आधी वेडेवाकडे, बिनकामाचे स्फटिक असलेल्या थेंबावर करून बघा. किती एमपीडी लागतं ते प्रत्येक प्रथिनाचं वेगळं.

ज्यांना अजून स्फटिक वाढवायचेत त्यांनी डायलिसिस बटणाचा विचार करावा. प्रथिन पडद्याच्या आड, बाहेर बंद नळीत अल्कोहोलचं पाच मिलिलिटर द्रावण. बाहेरचं द्रावण बदलत गेलं की आतलं बदलतं, थेंब उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

ग्लुटराल्डिहाइडने स्फटिक आतून बांधून घेण्याची रीत शेवटची ठेवा. वेलमध्ये छोट्या पुलावर २५ टक्के ग्लुटराल्डिहाइडचे दोन-तीन मायक्रोलिटर ठेवून, टेप लावून, तासाभराने बघायचं. त्याची वाफ थेंबात हळूहळू शिरते आणि स्फटिक पक्का होतो. मात्र बफर ट्रिस असेल किंवा अमोनियमचं मीठ असेल तर ते ग्लुटराल्डिहाइड स्वतःच खाऊन टाकतात. आणि जास्त वेळ ठेवलं तर स्फटिकाचं क्ष-किरण विवर्तन खालावतं. हे काम फ्यूमहूडमध्येच, डोळ्यांवर चष्मा लावून.

गोठवणं आणि नेणं

लूपवर आलेला स्फटिक सगळ्यात उघडा असतो, सभोवती जेमतेम द्रवाचा पापुद्रा. थेंबापासून द्रव नायट्रोजनपर्यंतचं अंतर हातभराचं ठेवा. डीवार (द्रव नायट्रोजनचं भांडं) उजव्या हाताला, सूक्ष्मदर्शकाला खेटून. उचलला की सरळ बुडवा, मध्ये 'नीट आलाय का' बघायला थांबू नका. ते गोठल्यावर बघता येतं. आपल्याकडे द्रव नायट्रोजन मिळवणं वाटतं तेवढं अवघड नाही, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो जिल्ह्यात फिरतच असतो, पुरवठादारांना विचारा.

गोठवलेले स्फटिक इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरच्या (क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावरच्या) प्रथिन-बीमलाइनला न्यायचे असोत किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रयोगशाळेत, ते ड्राय शिपरमध्ये (द्रव नायट्रोजन शोषून गार राहणाऱ्या भांड्यात) जातात आणि अल्कोहोलचा प्रश्न तिथेच संपतो. अडचण येते ती न गोठवलेली प्लेट गाडीने नेताना. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत पुण्याला पोचेपर्यंत अडीचशे किलोमीटर होतात, आणि मे महिन्यात बंद गाडीत प्लेट विसरली तर संपलंच. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालू नका. इन्क्युबेटरमध्येच रात्रभर ठेवलेल्या पाण्याच्या दोन-तीन बाटल्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना लावा, म्हणजे तापमान वाढीच्या तापमानाजवळच राहतं. टेप दुहेरी. प्लेट आडवी, खाली जाड टॉवेलची घडी. पोचल्यावर लगेच उघडू नका. टेपच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल तर ते परत विरेपर्यंत, साधारण रात्रभर, प्लेट तिथल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

वीज जाऊन इन्क्युबेटरचं तापमान वरखाली होतं तेव्हाही टेपच्या आत हेच दव दिसतं. त्यात अल्कोहोल आणि पाणी दोन्ही असतात आणि एखादा टपोरा थेंब खाली पडला तर स्फटिक वाहून जातात. प्लेट कायमच थर्मोकोलच्या डब्यात घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवली तर तासा-दोन तासांच्या भारनियमनाने फारसा फरक पडत नाही. डब्यात एक थर्मामीटर टाकून ठेवा, आणि वीज जाऊन परत आल्यावर प्लेट बाहेर न काढता आधी त्याच्यावरचा आकडा बघा.